चौथ्या टप्प्यावरचं जाजम

लिट्सवेर, मंगळवार, १५ नोव्हेंबर २०११

हिस्के,

हे पत्र बर्फ समितीच्या कामाचं आहे. घरचं यात काही नाही, तेव्हा पूर्ण वाचायला हरकत नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू "आईला दे" म्हणतेस आणि माझा प्रश्न तसाच राहतो.

मी वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गाला जातो. हसू नकोस. दर मंगळवारी सकाळी निंके, ती ग्रंथपाल, आम्हा पांढऱ्या डोक्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवते. बाकीचे नातवंडांच्या वाढदिवसांच्या तारखा मांडतात. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, मला एकच प्रोग्रॅम वाचता यायला हवा, माझ्या मुलीचा. ती म्हणाली, "तो काय करतो ते आधी मला सांगा. सांगता आलं तर अर्धं वाचून झालं."

तेव्हा तिला सांगितलं तेच तुला सांगतो, चुकलं असेल तर कळव. पवनचक्क्यांच्या फेरीच्या, म्हणजे गोठलेल्या कालव्यांवरून स्केटवर करायच्या फेरीच्या, वाटेचे दहा टप्पे. कडक थंडी पडली की प्रत्येक टप्प्यावरचा माणूस बर्फाला भोक पाडून जाडी मोजतो आणि आकडा समितीच्या डुर्कला कळवतो. डुर्क आकडे संगणकात भरतो. मग तुझा प्रोग्रॅम पहिल्या टप्प्यापासून एकेक आकडा बघत जातो. बारा सेंटिमीटरच्या वर असला की पुढचा. शेवटी फेरी होणार की नाही ते सांगतो. एकच काम पुन्हा पुन्हा, टप्पा तेवढा बदलतो. निंके याला लूप म्हणते. चाळीस वर्षं मी दुधाची टाकी घेऊन गोठ्यागोठ्यांतून फिरलो, ते लूपच होतं म्हणायचं. कुणी सांगितलं नाही एवढंच.

आज तिने दोन शब्द शिकवले, ब्रेक आणि कंटिन्यू. वर्गातल्या निम्म्यांना ते सारखेच वाटले. मला नाही. टाकी गळ्यापर्यंत भरली की पुढच्या गोठ्यात जायचंच नाही, गाडी सरळ डेअरीकडे वळवायची. हा ब्रेक. आणि एखाद्या गोठ्यात गाईला औषध टोचलेलं असलं की तिथलं दूध घ्यायचं नाही, पण पुढच्या गोठ्यात जायचं. हा कंटिन्यू. औषधाच्या गाईसाठी कुणी गाडी डेअरीला वळवली असती तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढला असता.

माझा प्रश्न असा: चौथ्या टप्प्यावर तू या दोघांपैकी काय लिहिलंस? आणि त्या वेळी मी तुला काय सांगितलं होतं, "थांब" की "सोड"? मला खरंच आठवत नाही.

बर्फ समितीसाठी,
लोल्के


बुधवार, ७ डिसेंबर

हिस्के,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, मी स्वतः शोधलं.

डुर्ककडून प्रोग्रॅम आणला. निंकेने तो मोठ्या अक्षरात कागदावर काढून दिला आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसलो. आईचं पीठ पडलं त्यावर, पण वाचता आलं. तू ब्रेक लिहिला आहेस. जाडी कमी आढळली की "फेरी रद्द" छापायचं आणि बाहेर पडायचं. म्हणजे मी "थांब" म्हणालो होतो. मीच म्हणालो असणार, दुसरं कोण म्हणेल?

तो आटे आजोबांचा नियम. एक जागा कच्ची तर फेरी नाही. बाकीच्या गावांत कच्च्या जागी काठाकाठाने जुनी जाजमं अंथरतात, लोक स्केट पायातच ठेवून त्यावरून खुडुखुडु चालत जातात आणि पुढे पुन्हा बर्फावर उतरतात. आजोबा अशा फेऱ्यांना नाक मुरडायचे. म्हणायचे, "फेरी बर्फावरची असते, जाजमावरची नव्हे. त्यापेक्षा घरातल्या घरात फिरा." त्यांच्या काळी ते ठीक होतं. चौथ्या टप्प्यावर, पुलाखाली, तेव्हा पाणी उपसणारा नवा पंप नव्हता. तो बसल्यापासून तिथलं पाणी कधी स्वस्थ नसतं आणि बर्फ कधी धरत नाही.

तू हेच सांगत होतीस त्या दिवशी, तीन वर्षांपूर्वी, समितीच्या खोलीत, आईने आणलेलं सूप पिताना. "बाबा, चौथा सोडू आणि पुढे बघू, एका ओळीचा बदल आहे." मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. मग तू म्हणालीस, "आपल्या घरात पहिली भेग दिसली की सगळे जागच्या जागी थांबतात. माझं लग्न मोडलं तेव्हाही तुम्ही तेच केलंत." वाटाण्याचं सूप वाडग्यात तसंच टाकून निघून गेलीस. लग्नाचा विषय मी काढणार नाही, हे समितीचं पत्र आहे. पण सूप चांगलं झालं होतं त्या दिवशी, हे सांगायचं राहिलं होतं.

तर मी काय केलं, काल वर्गात तुझी ती एक ओळ बदलून पाहिली. फक्त बघायला. ब्रेक काढला, कंटिन्यू घातला, गेल्या वर्षीचे आकडे दिले आणि चालू केला. पडद्यावर आलं, "टप्पा ४ सोडला." मी खूश. खाली पुन्हा, "टप्पा ४ सोडला." मग पुन्हा. पडदाभर तेच, खालून वर धावतंय, थांबायचं नाव नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या सिब्रिखने तर चष्मा काढून पुसला.

निंकेने मागे येऊन पाहिलं आणि हसायला लागली. म्हणाली, "लोल्के, तुम्ही सोडताय खरं, पण पुढे जात नाही आहात." तिने बोट ठेवून दाखवलं. "पुढचा टप्पा घे" ही ओळ लूपच्या अगदी तळाशी आहे. माझा कंटिन्यू तिच्या आधीच उडी मारून वर जातो. त्यामुळे ती ओळ कधी येतच नाही, आणि प्रोग्रॅम दर खेपेला चौथ्यावरच येऊन उभा राहतो. तो रद्दही करत नाही आणि पुढेही जात नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती साखरपाव कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मग त्यात नवीन काय? तीन वर्षं तू तेच तर करतोयस." तुझी आई सुरी हातात असताना जास्त बोलते.

तेव्हा दुसरा प्रश्न. ती ओळ उचलून वर ठेवली तर चालेल का? तुझ्या प्रोग्रॅमला तुला न विचारता हात लावणं बरं दिसत नाही.

लोल्के


गुरुवार, २ फेब्रुवारी २०१२

हिस्के,

थंडी आली. खरीखुरी. गेल्या आठवड्यापासून पूर्वेचा वारा आहे, खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची फुलं उठली आहेत, आणि सगळं गाव डुर्कच्या दारात चकरा मारतंय. पाववाल्याने दुकानात फळा लावलाय, त्यावर रोजची जाडी लिहितो. तुझ्याकडे आइंधोवनला काय आहे माहीत नाही, तिकडे बर्फ पडला तरी लोक त्यावर मीठच टाकणार.

तू काहीच कळवलं नाहीस, म्हणून ओळ मी उचलली. वर ठेवली. आधी "पुढचा टप्पा घे", मग मोजणी, मग सोडायचं तर सोड. आणि चालला गं तो! चौथा सोडला, पाचवा आला, सहावा आला. हिस्के, नव्या पंपानंतर या गावात कुणी पाचव्या टप्प्याचा आकडा वाचलेलाच नाही, लक्षात येतंय का तुझ्या? आकडे रोज येत होते, डुर्क रोज भरत होता, पण तुझा प्रोग्रॅम, म्हणजे माझा नियम, चौथ्यालाच दार लावून घ्यायचा. पुढचे सहाजण थंडीत भोकं पाडत होते ती कुणासाठी?

पाचवा चौदा, सहावा तेरा, सातवा चौदा, आठवा तेरा, नववा सतरा, दहावा चौदा. खाली आलं, "फेरी होईल." मी तो पडदा बराच वेळ बघत बसलो. निंके कॉफी घेऊन आली तेव्हा म्हणाली, डोळे पुसा, कळफलकावर पाणी पडलं तर वाचनालयाला नवा घ्यावा लागेल.

तेव्हा जे लिहायला बसलो ते लिहून टाकतो. तू बरोबर होतीस. चौथा सोडायला हवा होता. उद्या डुर्कला सांगणार आहे.

बाबा

ता. क. नवव्या टप्प्याचा आकडा मात्र मजेशीर आहे. सगळ्यांत जास्त तोच, आणि सोमवारपासून तोच. बाकी सगळीकडे बर्फ वाढतोय. नवव्याला बाउके आहे, तुला आठवत असेल, बोरूचं गवत वाढलेल्या तळ्यामागे राहतो. जाऊन बघतो.


शनिवार, ४ फेब्रुवारी

हिस्के,

परवाचं पत्र तुला पोचलं असेल. त्यातलं "तू बरोबर होतीस" अर्धं खोड. पूर्ण नको, अर्धं.

काल बर्फ पडत असतानाच बाउकेकडे गेलो. दार उघडलं तर दोन काठ्यांवर उभा. कमरेचं हाड गेलंय त्याचं, चार वर्षं झाली म्हणे, आणि आम्हाला पत्ताच नाही. कॉफी घेतली, इकडचं तिकडचं झालं, मग मी विचारलं, "बाउके, तळ्यावर मोजतोस ना रे?"

तो म्हणाला, "मोजतो की. रोज सकाळी."

"तळ्यावर?"

"गोठ्यामागच्या चरात."

हिस्के, गोठ्यामागचा चर म्हणजे वीतभर पाणी, वारा नाही, प्रवाह नाही. तिथे थंडी पडली की लगेच तळापर्यंत बर्फ होतो, मग वाढणार कुठे? मी म्हणालो, "लेका, चराच्या बर्फावरून फेरी जाते का?"

तर तोच माझ्यावर उखडला. "फेरी जाते कुठे? चौथ्यालाच गाडी अडते तुमची. माझा आकडा कुणी विचारला कधी? या कमरेने बोरूत उतरू आणि मरू, आणि ते कशासाठी, कुणी न वाचणाऱ्या आकड्यासाठी?" मग थोडा नरमला. "खोटं नाही सांगितलं, लोल्के. चरात सतराच आहे. ये, दाखवतो."

त्याला बसवलं आणि त्याचं भोक पाडायचं गिरमिट घेऊन मी एकटाच तळ्यावर गेलो. काठाला धरून, पोटावर सरकत, या वयात. मध्ये राजहंसांचं एक कुटुंब आहे, दर थंडीत तिथेच असतं म्हणे. रात्रंदिवस पोहून पोहून त्यांनी मोठी जागा उघडी ठेवली आहे, आणि कडेने बर्फाची नुसती साय. वरून ताजा बर्फ पडलेला, म्हणजे स्केटवरून येणाऱ्याला काही दिसलंच नसतं. मी मोजलं तिथे सहा होतं. त्यापुढे मोजायला गेलोच नाही.

पोटावरच मागे सरकताना मनात आलं. तीन वर्षांपूर्वी तुझं ऐकून चौथा सोडला असता, तर सगळ्यांना आपण थेट त्या हंसांकडे पाठवलं असतं. शाळेची पोरं पुढे असतात. तूही त्यांच्याबरोबर जाणार होतीस. म्हणजे माझ्या ब्रेकने तुम्हाला वाचवलं, असं आज छाती काढून म्हणता आलं असतं मला. पण तेही खरं नाही. माझ्या ब्रेकमुळेच नवव्याकडे कुणी कधी बघितलं नाही. पहिल्याच भेगेला थांबलं की पुढे काय आहे ते कळतच नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. तू बरोबर नव्हतीस, मी बरोबर नव्हतो, आणि वाचलो ते आंधळ्या नशिबाने. हे मला कधी सुचलं नव्हतं. या वयात नवीन काही कळलं की आधी राग येतो, मग गंमत वाटते.

बाउकेच्या जागी आता नववा मी मोजतो. तळ्याला वळसा घालून त्याच्या शेतातून जाजम टाकता येईल, तो "खुशाल टाका" म्हणाला. म्हणजे दोन जागा सोडाव्या लागणार. डुर्क म्हणतो, "एक सोडला, दोन सोडले, उद्या पाच सोडाल. मग बर्फ कशाला हवा? बसने न्या लोकांना." त्याचंही चूक नाही.

तेव्हा आता खरा प्रश्न, आणि याचं उत्तर निंकेलाही येत नाही. ती म्हणते, हे प्रोग्रॅमचं नाही, माणसांनी ठरवायचं. किती जागा सोडल्या म्हणजे थांबायचं? एकही नाही, हा आजोबांचा नियम झाला. कितीही, हा वेडेपणा झाला. मधला आकडा काय? समितीची बैठक गुरुवारी आहे. मला तो आकडा तुझ्याकडून हवाय.

बाबा


गुरुवार, ९ फेब्रुवारी

हिस्के,

काल तू आईला फोन केलास तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. तिने रिसीव्हर कानाला लावून नुसतं "हं, हं" केलं, आणि ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "दोन."

मी म्हटलं, काय दोन?

"मला काय माहीत? ती म्हणाली, बाबांना सांग, दोन. तिसरा कच्चा निघाला की ब्रेक. आणि सोडलेले मोजायला विसरू नका म्हणाली, नुसतं सोडत सुटू नका."

एवढंच बोललीस. मला ते पुरलं. आज सकाळी वर्ग नव्हता, तरी निंकेने दार उघडलं. सोडलेल्या जागा मोजणारी ओळ मी स्वतः लिहिली. एक चूक झाली, तीही मीच शोधली. आता त्यात तुझे दोन्ही शब्द आहेत, कंटिन्यू वर आणि ब्रेक त्याच्याखाली. दोघं एकाच लूपमध्ये नांदतात, भांडत नाहीत.

दुपारी बैठक झाली. आजचे आकडे सगळ्यांसमोर भरले, दहाच्या दहा, आणि या वेळी प्रत्येक टप्प्यावर दोघांनी मोजलेले. चौथा सोडला. पाच ते आठ पास. नववा सोडला. दहाव्याला डुर्कने खुर्चीचा हात घट्ट धरला. पंधरा. "फेरी होईल. सोडलेले टप्पे: २." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तुला आपली माणसं माहीत आहेत. डुर्कने फक्त टोपी घातली आणि "मग जाजमं गोळा करायला हवीत" म्हणाला. संध्याकाळपर्यंत चर्चच्या मागे ढीग लागला होता. आपल्या जिन्यावरचं लाल जाजमही गेलं. आई म्हणाली, तसंही ते मला कधीच आवडलं नव्हतं.

फेरी परवा, शनिवारी. रविवारपासून पाऊस सांगितलाय, म्हणजे हीच एक संधी. चौथ्या टप्प्यावर जाजमापाशी मी उभा असेन, लोकांना हात द्यायला.

आता समितीचं संपलं, हे घरचं. हवं तर इथे थांब.

मला तुझी फार आठवण येते. आईला रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसतो, आणि आता तर तिथे गाई पण नाहीत. तुझं लग्न मोडलं तेव्हा मी जे बोललो ते आपण शनिवारी निस्तरावं असं मी म्हणत नाही. ती जागा कच्ची आहे, मला माहीत आहे. मी तिच्यावर नाचायला सांगत नाही. पण तिच्यापुढे आणखी किती टप्पे असतील ते आपण दोघांनी बघितलंच नाही अजून. मला ते बघायची उत्सुकता आहे. रागापेक्षा आता उत्सुकताच जास्त आहे.

तुझे जुने स्केट मी परजून ठेवले आहेत. येणार नसलीस तरी परजलेले बरे, गंजत नाहीत.

बाबा


रविवार, १२ फेब्रुवारी

हिस्के,

पन्हळीतून पाणी गळतंय. पुलाखालचं जाजम आज सकाळी उचललं तेव्हा चिखलाने असं जड झालं होतं की तिघं लागलो. जिन्यावर ते परत घालायला आई तयार नाही.

काल जरा घाईत झालं, म्हणून लिहितो. तू येशील असं मी धरूनच चाललो नव्हतो. सकाळभर माणसं येत होती आणि मी प्रत्येकीच्या टोपीखाली बघत होतो, दोन बायका तर रागावल्या. मग पुलाकडून तुझी हिरवी टोपी आली. तू काठाला येऊन थांबलीस. वाटलं, वळते की काय परत. तू पंपाकडे बघितलंस, उघड्या पाण्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "किती आहे इथे?"

"चार," मी म्हणालो. "मीच मोजलं, दोनदा."

"मग सोडायलाच हवं," तू म्हणालीस, आणि माझ्या दंडाला धरलंस. जाजम केवढंसं, पण स्केट पायात असले की वेळ लागतो. तुझं निम्मं वजन माझ्यावर होतं, तू लहान असताना असायचं तसं. पलीकडे टोकाला आल्यावर तू विचारलंस, "नवव्याला हंस आहेत का अजून?"

"आहेत. बाउके खिडकीत बसून राखतोय त्यांना."

"बघून येते," म्हणालीस आणि गेलीस. तुझी पाठ वळणापलीकडे जाईपर्यंत मी बघत होतो, आणि मागे लोक खोळंबले होते.

दिवस मावळताना आईकडे सूप प्यायला आलीस ते तिने सांगितलं. मी तेव्हा जाजमं मोजत होतो, आणि घरी आलो तेव्हा तुझी गाडी निघून गेली होती. या वेळी वाडगा रिकामा होता, तो मी बघितला.

तुझा डावा हातमोजा माझ्या हातात राहिला, जाजमाच्या टोकाला हात सोडवलास तेव्हाच. मी तो तसाच खिशात कोंबला असणार, घरी येईपर्यंत कळलंही नाही. रेडिएटरवर वाळत घातलाय. टपालाने पाठवत नाही. घ्यायला ये.

बाबा